मास्तरांनी दुसऱ्यांदा घेतलेलं माप

राजरत्न साळवे यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. कमरेची मापं राहतात. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एखादा गृहस्थ समोरून हात करत आला की मास्तर आधी गोंधळतात. मग त्यांची नजर त्या गृहस्थाच्या पट्ट्यापाशी उतरते आणि चेहऱ्यावर ओळख उजळते. "अरे, छत्तीस! किती दिवसांनी!" मग जरा थांबून, घरात काही वाईट घडल्यासारख्या आवाजात, "अडतीस झालात की हो."

लोक वजनकाट्याला घाबरत नाहीत इतके मास्तरांना घाबरतात. त्यांचे स्वतःचे मालक, लखू शेठ, मास्तर समोर आले की पोट आत घेतात. पंधरा वर्षं घेत आहेत. मास्तरांनी त्यांना चव्वेचाळीस धरलंय आणि पोट आत घेतल्याबद्दल अर्ध्या इंचाची सूट दिलेली नाही.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे. राहायला अंबरनाथ पूर्वेला. वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते. मुलाने शिकून हापिसात खुर्चीवर बसावं, अशी त्यांची इच्छा. मुलगा दहावीच्या सुट्टीत चार दिवस गंमत म्हणून कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यात धागे तोडायला गेला, आणि ती सुट्टी गेली एक्केचाळीस वर्षं चालू आहे. धागे तोडता तोडता तो कटिंग मास्तर झाला. शीलाताई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, पालिकेच्या शाळेत शिकवतात आणि पाहुण्यांना हमखास ऐकवतात, "ह्यांनी अर्ध्या देशाला पँटी घातल्या. मला मेला एक ब्लाउज शिवून दिला नाही."

"मी जीन्सचा माणूस आहे," मास्तर म्हणतात. विषय संपतो.

कटिंग मास्तर म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मास्तरांचा ताठा कळायचा नाही. लांबलचक टेबलावर डेनिमचे ऐंशी थर एकावर एक घालतात. वरच्या थरावर खडूची रेघ मारतात आणि त्या रेघेवरून कापायचं मशीन फिरवतात. वर रेघ चुकली की खाली ऐंशी पँटी चुकल्या. मास्तरांची रेघ चुकली, असं कॅम्पात कुणी ऐकलेलं नाही. त्यांचा नियमच होता, "माप एकदाच घ्यायचं. दोनदा माप घेणारा स्वतःवर संशय घेतो, आणि संशयी माणसाने पानाची गादी टाकावी."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात बॉबीन नावाची कुत्री आली.

कारखान्याच्या दारात दोऱ्याच्या रिकाम्या बॉबीनचं एक खोकं पडलेलं असायचं. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी त्यात एक तपकिरी पिल्लू झोपलेलं सापडलं. लखू शेठ म्हणाले, "हटाव इसको, साईं, माल खराब करेल." मास्तर म्हणाले, "झोपू दे, उठल्यावर हटवतो." ती उठली, पण हटवायचं राहून गेलं. मोठी झाल्यावर तिने स्वतःला एक काम लावून घेतलं. अंबरनाथहून येणारी शेअर रिक्षा नाक्यावर थांबली की ती मास्तरांना घ्यायला हजर. तिथून कारखान्यापर्यंत ती पुढे, मास्तर मागे. एखाद्या बड्या साहेबाला पोलिसाची जीप आणते, तशी ती त्यांना रोज आणायची.

मागच्या वर्षी गल्लीत माल भरायला आलेला एक टेम्पो मागे येत होता, आणि बॉबीन त्याच्या मागे होती. जीव वाचला. कमरेपासून खालचं अंग गेलं. मागचे दोन्ही पाय, दुकानाबाहेर टांगलेल्या पँटीसारखे, नुसते लोंबायला लागले.

डॉक्टर प्राची भोईर बदलापूर गावच्या. वय तिशीचं, आवाज पन्नाशीचा. स्कूटरच्या डिकीत दवाखाना घेऊन त्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशा फिरतात आणि ज्यांना मालक नाही अशा जनावरांना बघतात. त्यांनी बॉबीनला तपासलं आणि आडवळण न घेता सांगितलं, "पाठीचा कणा गेलाय. पाय परत येणार नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. जिवंत राहील. पण ही घसटत चालते ना, त्याने कमरेला जखमा होतायत. एका जागी ठेवा हिला. जखमा हाडापर्यंत गेल्या की विष पसरतं, आणि मग मला हिला कायमचं झोपवावं लागेल. मास्तर, मला ते आवडत नाही. पण मी करते."

एका जागी ठेवा, हे सांगणं सोपं होतं. बॉबीनची नोकरी सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तर रिक्षातून उतरले, तर समोर बॉबीन. पुढच्या दोन पायांवर सगळं शरीर ओढत, सिमेंटच्या रस्त्यावर ओल्या लाल रेघा उमटवत ती नाक्यापर्यंत आली होती. मास्तरांनी तिला उचलून परत आणलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग मास्तरांनी दोन नाके आधी उतरून मागच्या गल्लीने चोरासारखं यायला सुरुवात केली. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी ती मागच्या गल्लीत उभी. उभी कसली, अर्धी उभी. दाराला दोरीने बांधलं, तर दोरी कुरतडली. जखमा वाढत गेल्या.

डॉक्टरबाईंनी तेव्हा गाडीचं सांगितलं. कुत्र्यांच्या चाकांच्या खुर्च्या असतात. दोन चाकं, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आणि मधे झोळीसारखा पट्टा. मागचं धड त्या पट्ट्यात ठेवायचं, पुढच्या पायांनी ओढायचं. बाई ज्या संस्थेबरोबर काम करतात तिच्याकडे अशा गाड्या दान येतात. बहुतेक गाड्या, ज्यांचा कुत्रा गेला अशा घरांमधून येतात. संस्थेत अकरा कुत्री रांगेत होती, पण बॉबीनच्या जखमा बघून बाईंनी तिला पुढे घेतलं होतं. "फक्त मापं नीट पाठवा. मापावरून ते साठ्यातली गाडी निवडतात. नाही बसली तर ती गाडी लगेच पुढच्या कुत्र्याला जाते. कपाटात ठेवायला त्यांच्याकडे गाड्या नाहीत."

"मापं?" मास्तर हसले. आठवड्यात पहिल्यांदाच हसले. "मॅडम, तुम्ही मापं कुणाला सांगताय?"

गळ्यात टेप, कानावर खडू, अशा थाटात मास्तर बॉबीनसमोर बसले. लांबी, हिप, मांडी, जमिनीपासून पोटाची उंची. संस्थेने पाच मापं मागितली होती, मास्तरांनी चौदा दिली. त्यात "शेपूट - साडेनऊ, टोकाला वाकडी" हेही होतं. एकदाच माप घेतलं, कागद बाईंच्या हातात दिला आणि हात झटकले.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, गाडी आली. चौकटीवर कुणीतरी खिळ्याने कोरलं होतं, "चिंटू, नाशिक." सगळा कारखाना मशीनं बंद करून भोवती जमला. लखू शेठनी अगरबत्ती ओवाळली, नव्या स्कूटरला ओवाळतात तशी. डॉक्टरबाईंनी बॉबीनला पट्ट्यात ठेवलं, बकल लावलं आणि हात सोडला.

बॉबीन पुढे कोसळली. मागचं धड हवेत, नाक जमिनीवर, आणि चौकटीत ती देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी इकडून तिकडे हलायला लागली.

बाईंनी तिला सावरलं, खाली बसल्या, स्वतःच्या टेपने माप घेतलं आणि कागदाशी ताडून पाहिलं. "उंचीला दोन इंच जास्त. रुंदीला दीड जास्त. लांबीला दोन. मास्तर, ही मापं तुम्हीच घेतलीत की कुणा पोराला सांगितलंत?"

सगळ्या गल्लीला उत्तर माहीत होतं आणि कुणाला ते द्यायचं नव्हतं.

मास्तरांनी कागद हातात घेतला. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, की ज्यांनी पाहिला ते म्हणतात, आम्ही मास्तरांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"मार्जिन," ते म्हणाले.

"कसलं मार्जिन?"

"वॉशिंगचं." आवाज खाली गेला होता. "कोरं डेनिम धुतल्यावर आटतं, मॅडम. म्हणून कापतानाच दोन इंच जास्त धरायचं. एक्केचाळीस वर्षं धरतोय. हाताने धरलं. माझ्या डोक्याला विचारलंच नाही."

डॉक्टर प्राचींनी स्वतःचा टेप गुंडाळला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "कुत्रं धुतल्यावर आटत नाही."

गल्ली फुटली. कारागीर टेबलाला धरून हसले. लखू शेठ पोट धरून हसले, म्हणजे चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस इंचांनी हसले. "वाह साईं! पक्का मास्टर! कुत्र्याला पण वॉशिंग मार्जिन! स्टोन वॉश करू का एंझाइम वॉश?"

मास्तर हसले नाहीत. ते विचारत होते, "दुसरी गाडी?"

"हिच्या मापाची होती एक. मागच्याच आठवड्यात पनवेलला गेली. आता पुढची कधी येईल, सांगता येत नाही." बाईंनी बॉबीनच्या कमरेवरची पट्टी उचलून पाहिली आणि पुन्हा हळूच ठेवली. त्यांचा पन्नाशीचा आवाज तिशीवर आला. "हिला तेवढा वेळ नाहीये. आणि ही गाडी मला ठेवता येणार नाही, मास्तर. अकरा जण थांबलेत."

"उंचीची भोकं आहेत चौकटीला. शेवटच्या भोकावर घेतली तर उतरेल दोन इंच."

"उंची उतरेल. लांबी-रुंदीचं काय? अ‍ॅल्युमिनियम आहे, कापून शिवाल का?"

"चौकट लहान करता येत नसेल, तर आतली जागा भरता येईल," मास्तर म्हणाले. "रविवारपर्यंत द्या."

"रविवारी दुपारी येते. बसली तर बसली. नाहीतर घेऊन जाईन."

त्या संध्याकाळी शीलाताईंनी घरात जे पाहिलं, ते त्या अजून हात गालावर ठेवून सांगतात. ब्लाउजला इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस मांडी घालून कुत्रीचं खोगीर शिवत होता. नव्या कोऱ्या डेनिमचं, आत कापूस भरलेलं, दुहेरी शिलाईचं, असं देखणं की एखाद्या घोड्याने घालून वरातीला जावं. शुक्रवारी ते बॉबीनला घातलं. अर्ध्या तासात तिच्या काखेत लाल वळ उठले. कोरं डेनिम ताठ असतं, घासतं.

मास्तर घरी आले, कपाट उघडलं आणि स्वतःची एक जुनी जीन्स काढली. बावीस वर्षांपूर्वीची. धुऊन धुऊन तिचा रंग आणि ताठरपणा दोन्ही गेले होते.

"तिला तर मी तीनदा बोहारणीला द्यायला काढली होती," शीलाताई म्हणाल्या. "तिने घेतली नाही."

"बरं झालं. हिचं आटायचं सगळं आटून झालंय."

शीलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस स्वतःवर विनोद करतो, हे त्यांना नवीन होतं. त्या उठल्या, शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि त्यांच्यासमोर बसून जुनी शिवण उसवायला लागल्या.

शनिवारी दुपारी मास्तर पुन्हा कारखान्याच्या दारात बसले, गळ्यात टेप घालून. गल्लीतली माणसं हातातलं काम तसंच ठेवून बघायला लागली. राजरत्न साळवे दुसऱ्यांदा माप घेत होते.

या वेळी कानावर खडू नव्हता. टेप लावण्याआधी ते हात लावत होते. बोटांनी बरगड्या मोजल्या, जखमेच्या कडेने फिरले, हाड कुठे टोचतं, कातडी कुठे सुटते, ते पाहिलं. कमर, मार्जिन वजा करून बरोबर तेवढीच. लांबी, तेवढीच. मग टेप छातीभोवती गेला आणि मास्तर थांबले. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"क्या हुआ?" लखू शेठ.

"छाती वाढलीय," मास्तर म्हणाले. "एक इंच."

महिनाभर रोज सकाळी, नाक्यापर्यंत, पुढच्या दोन पायांनी चार पायांचं ओझं ओढून ओढून, त्या मरतुकड्या कुत्रीच्या छातीवर पैलवानासारखे स्नायू चढले होते. खांदे टणक झाले होते. मास्तरांनी तिच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी आटणारं बघितलं होतं, ढिलं पडणारं, उसवणारं, विटणारं बघितलं होतं. मोडल्यावर वाढणारं काही असतं, हे त्यांच्या टेपला माहीत नव्हतं.

"सगळ्या मापांत मी चुकलो," ते म्हणाले. "छातीचं एक इंचाचं मार्जिन तेवढं हिने भरून काढलं."

लखू शेठ हसायला तोंड उघडून तसेच राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

रविवारी दुपारी डॉक्टर प्राची आल्या. गाडी शेवटच्या भोकावर उतरवलेली. आत जुन्या जीन्सचं मऊ खोगीर, बाजूंना उशा, जखमेच्या जागी नेमकी मोकळी खिडकी. बाईंनी बोट घालून सगळीकडे तपासलं. कुठे दाटत नव्हतं, कुठे हलत नव्हतं. "हे तुम्ही शिवलंत?" एवढंच विचारलं. पन्नास वर्षांच्या आवाजात नाही.

बॉबीनला आत ठेवलं. ती नीट उभी राहिली. महिन्याभराने चारही बाजूंनी उभी.

आणि नुसती उभीच राहिली.

गल्ली वेडी झाली. "चल बॉबीन!" "आजा, आजा!" कुणी बिस्किट दाखवलं, कुणी अंडं. लखू शेठनी घरून दाल-पकवान मागवलं आणि मग ते स्वतःच खात खात तिला बोलावत राहिले. एक कारागीर कुत्र्यासारखा चालून दाखवत होता, बरा चालत होता. बॉबीन मान खाली घालून पुतळ्यासारखी. तिच्या पुढच्या पायांना कापरं भरलं होतं. मागून काहीतरी धरून ठेवलंय, एवढंच तिला कळत होतं. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली.

"काही कुत्री नाही स्वीकारत, मास्तर," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तुमची चूक नाही. पण चालली नाही तर ठेवून उपयोग नाही. मला..." त्यांचा हात बकलाकडे गेला.

मास्तर बॉबीनकडे बघत नव्हते. ते बघणाऱ्यांकडे बघत होते.

"मी काम शिकत होतो तेव्हा संध्याकाळी एका शिंप्याच्या दुकानात पडद्यामागे गिऱ्हाइकांना ट्रायल द्यायचो," ते म्हणाले. "उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं, गिऱ्हाईक ट्रायलला उभं राहिलं की त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस पोट आत घेतो, श्वास धरतो. मग कपडा बसलाय का, ते त्यालाही कळत नाही." त्यांनी आवाज चढवला. "सगळ्यांनी पाठ फिरवा! लखू शेठ, तुम्ही पण. मॅडम, तुम्ही पण. मशीनं बंद. कुणी मागे बघायचं नाही!"

"साईं, कुत्र्यापासून पाठ..."

"फिरवा!"

आणि उल्हासनगरात कधी न घडलेली गोष्ट घडली. कॅम्प नंबर तीनमधली एक गल्ली गप्प झाली. साठ-सत्तर माणसं, पकवानाचा तुकडा हातात तसाच धरलेले शेठ, कारागीर, हमाल, पाठ करून रांगेत उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी एक शेअर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "क्या हुआ भाई? कोई गुजर गया क्या?"

"नहीं," कुणीतरी ओठ न हलवता म्हणालं. "ट्रायल चालू है."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. आतल्या तीन प्रवाशांनीही, काय चाललंय ते न कळताच, तोंडं फिरवली.

काहीच ऐकू येईना. वर पत्र्यावर कबुतर चालल्याचा आवाज आला. मग मागे कुठेतरी, टक. नखं सिमेंटवर टेकल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग टक, टक. आणि त्याच्या मागोमाग खूप बारीक, खर्रर्र.

सत्तर पाठी ताठ झाल्या. लखू शेठनी शेजारच्या हमालाचा हात धरला. टक टक, खर्रर्र. टक टक टक, खर्रर्रर्र. आवाज जवळ आला, लोकांच्या पायांमधून वाट काढत गेला, पुढे गेला. डॉक्टर प्राचींनी शिस्त मोडली, मान वळवली आणि त्यांच्या तोंडून शिकलेली सगळी भाषा गळून गावची तेवढी राहिली, "आगो बाय! चालली गो, चालली!"

मग कोण थांबतंय! सगळी गल्ली वळली. बॉबीन गल्लीच्या टोकाला पोचली होती. तिला कळलं होतं. पाठीमागचं ते ओझं नव्हतं, ते येत होतं, ती नेईल तिथे येत होतं. तिने कान मागे टाकले आणि ती धावली. दोन पाय आणि दोन चाकं यांच्यावर, रिक्षाला वळसा घालून, एका सायकलवर भुंकून, चहाच्या टपरीचं बाकडं उलटवून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं नुसती तोंडं उघडी टाकून बघत होती. लखू शेठचं पोट पूर्ण बाहेर आलं होतं आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

एक माणूस तेवढा वळला नव्हता. मास्तर अजून पाठ करून उभे होते, डोळे घट्ट मिटून, गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं मुठीत धरून. खर्रर्र आवाज टोकाला जाऊन वळला, वाढत वाढत परत आला, आणि वेग आवरायचं अजून न शिकलेली बॉबीन त्यांच्यावर येऊन आदळली. चौकटीचा कोपरा मास्तरांच्या घोट्यावर असा बसला की ते मटकन खालीच बसले. घोटा सोलला होता, रक्त येत होतं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

"लागलं का गं तुला?" त्यांनी विचारलं.